बाबा मेंदूच्या आजाराने दाखल झाले, मग छातीत क्लेब्सिएला आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून आयसीयूत दाखल केलं, व्हेंटिलेटर लागला. सातव्या दिवशी ताप आला आणि डॉक्टर म्हणाले, "छातीत इन्फेक्शन झालंय, हायर अँटिबायोटिक चालू करतो." कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या, रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनी आणि ॲसिनेटोबॅक्टर बॉमानी अशी दोन नावं आली आणि जवळजवळ प्रत्येक औषधासमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. येताना छाती साफ होती, मग हे जंतू हॉस्पिटलनेच दिले ना? कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक दिलं तर किडनी जाते का? आणि आता आम्ही काय करायचं?

मी २३ वर्षं आयसीयूत काम करते. आधी सरकारी मेडिकल कॉलेजात होते, आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम हॉस्पिटलात आहे. हाच प्रश्न आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेलं कोणी ना कोणी मला दर आठवड्याला विचारतं, आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत त्याचं उत्तर धड देता येत नाही, याची मला फार टोचणी असते. म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा औषधाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण ते जे करताहेत ते का करताहेत, हे तुम्हाला कळलं तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.

आधी 'येताना छाती साफ होती' याबद्दल. हे तुम्ही बरोबर हेरलंत. श्वासनलिकेत ट्यूब घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया सुरू होतो त्याला आम्ही व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया धरतो, आमच्या बोलण्यात 'व्हॅप'. त्याआधी दिसला तर तो बहुधा घरूनच आलेला असतो, किंवा बेशुद्ध पडताना उलटी छातीत गेल्याने झालेला असतो. तुमच्या बाबांचा सातवा दिवस होता. म्हणजे हे इन्फेक्शन आयसीयूतच झालं, यात शंका नाही. पण 'आयसीयूत झालं' आणि 'आयसीयूने दिलं' या दोन गोष्टी एक नाहीत, आणि यातला फरक समजायला ट्यूबच्या आत डोकवावं लागतं.

आपल्या सगळ्यांच्या तोंडात, घशात, आतड्यात जंतू असतातच. धडधाकट माणसाच्या घशात राहणारे जंतू बहुतेक गरीब स्वभावाचे असतात. माणूस गंभीर आजारी पडला की दोन-चार दिवसांत घशातली वस्ती बदलते. लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, जेवण बंद असतं, आणि मूळचे जंतू हटून आतड्यातले दांडगे जंतू तिथे बस्तान मांडतात. मधुमेह असला की हे आणखी लवकर होतं. त्यात ट्यूब असल्यामुळे माणसाला खोकता येत नाही. ट्यूबच्या खालच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवून श्वासनलिका बंद करतात, म्हणजे वरची लाळ फुप्फुसात उतरू नये. पण फुगा कितीही नीट फुगवला तरी त्याच्या घड्यांमधून लाळ थेंब थेंब झिरपतेच. फार घट्ट फुगवावा तर श्वासनलिकेला जखम होते. म्हणून त्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवावा लागतो, आणि तो दर पाळीत मोजावा लागतो.

नव्या ज्युनिअर डॉक्टरांना मी एकदा तरी एक गोष्ट दाखवते. आठ-दहा दिवसांनी काढलेली ट्यूब टाकून देण्याआधी ब्लेडने उभी चिरायची. आत राखाडी, बुळबुळीत थर असतो, गच्चीवरच्या टाकीच्या पाइपात धरतो तसा. त्या थरात जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून बसलेले असतात. अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही. स्राव ओढून काढायची सक्शनची नळी आत घातली की थराचे कपचे सुटून खाली फुप्फुसात पडतात. हे पाहिल्यावर त्या मुलांना "आज ट्यूब काढता येईल का?" हे रोज वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या बाबांचा क्लेब्सिएला बहुधा त्यांच्या स्वतःच्या आतड्यातून घशात आणि घशातून छातीत उतरला असावा. मात्र तो इतका औषधांना न जुमानणारा कसा झाला, हा वेगळा प्रश्न आहे. आयसीयूत चार-सहा दिवस काढले की तिथला रेझिस्टंट जंतू हातांवरून, वस्तूंवरून पेशंटच्या आतड्यात वस्तीला येतो आणि मग तोच पुढे चाल करतो. म्हणजे वाट शरीरातली, पण वाटसरू कधी कधी शेजारच्या बेडवरचा. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

आता या जंतूंची ओळख करून देते. त्यांच्या राहण्याच्या जागा कळल्या की अर्धं कोडं सुटतं.

क्लेब्सिएला हा आतड्यातला. त्याच्याभोवती जाड चिकट कवच असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. प्रयोगशाळेत थाळीत वाढलेल्या वसाहतीला तारेच्या कडीने स्पर्श करून वर उचललं तर त्याच्या काही जातींची चक्क तार येते, एकतारी पाकाची येते तशी. छाती, लघवी, रक्त, यकृतातला गळू, कुठेही तो सापडतो. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये आज सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या जंतूंमध्ये तो पुढे आहे. ई. कोलाय हा त्याचा भाऊबंद, लघवीच्या आणि पोटाच्या इन्फेक्शनमध्ये जास्त दिसणारा.

ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या जागेत टिकणारा. पलंगाचा कठडा, मॉनिटरचं बटण, व्हेंटिलेटरची खुंटी, बीपीचा पट्टा, मोबाइल, फाइलचं कव्हर, अशा कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. धडधाकट माणसाला तो सहसा काहीच करत नाही. दुबळा माणूस आणि नळी यांची वाट पाहत बसणारा हा जंतू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून जंतूंच्या औषध-प्रतिकाराची माहिती गोळा करते. तिच्या अलीकडच्या अहवालांत ॲसिनेटोबॅक्टरचे बहुतांश नमुने मेरोपेनेम या जोरकस अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. तुमच्या रिपोर्टवरच्या 'आर'च्या रांगेत म्हणूनच नवल काही नाही. मन मोडणारी मात्र आहे.

आणि तिसरा स्युडोमोनास, ओल्या जागेतला. सिंक, नळाची तोटी, ह्युमिडिफायरचं पाणी, ओली फडकी. त्याचा पू हिरवट असतो आणि वास गोडसर, काहीसा द्राक्षांसारखा. जुन्या सिस्टर जळालेल्या पेशंटचं ड्रेसिंग उघडताच वासावरून त्याचं नाव सांगत.

स्युडोमोनासबद्दल एक सांगितलंच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी काम करत होते त्या एका आयसीयूत तीन आठवड्यांत चार पेशंटच्या छातीत स्युडोमोनास निघाला, आणि चौघांचाही सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही याचा, नमुना अगदी एकसारखा. एकसारखा म्हणजे उगम एकच, अशी दाट शंका. मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडम स्वतः स्वॅबचा ट्रे घेऊन वर आल्या. सिंक, नळ, सक्शनच्या बाटल्या, व्हेंटिलेटरचे जोड, आमचे हात, सगळ्यांचे नमुने घेतले. मिळाला कुठे? नेब्युलायझरच्या कपांत. वाफ देऊन झाली की मावशी ते कप नळाखाली विसळून सिंकच्या वरच्या खिळ्याला ओलेच टांगायच्या. तळाशी उरलेल्या दोन थेंबांत जंतू वाढायचा आणि पुढच्या वेळी वाफेबरोबर थेट फुप्फुसात. मावशींची चूक नव्हती. कप वाळवून ठेवायचा, प्रत्येक पेशंटचा वेगळा, आणि तोही निर्जंतुक पाण्याने धुवायचा, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते आम्ही. पद्धत बदलल्यावर पाचवा पेशंट झाला नाही. आधीच्या चौघांतला एक गेला. तो खिळा मला अजून दिसतो.

नळ्यांमधली दुसरी मोठी वाट म्हणजे मानेतली किंवा मांडीतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. तिथून थेट रक्तात शिरणाऱ्यांत वरचे तिघे आहेतच, शिवाय त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस आणि आतड्यातला एन्टरोकॉकस असतात. तिसरी वाट लघवीच्या नळीची. इथे एक बारीक गोष्ट सांगते, जी नातेवाइकांच्याही डोळ्यांसमोर घडते. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना वॉर्डबॉय, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, लघवीची पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात, कारण ट्रॉलीला अडकवायला जागा नसते. तेवढ्या दहा मिनिटांत पिशवीतली शिळी लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, आणि जमिनीला टेकलेली नको. असं दिसलं तर शांतपणे सांगा, "मामा, पिशवी खाली अडकवता का?" कोणी रागावणार नाही.

आयसीयूतलं सगळंच इन्फेक्शन मात्र आयसीयूतलं नसतं. पावसाळ्यात आमच्याकडे तापाने, काविळीने, लघवी बंद होऊन जे शेतकरी येतात त्यांत लेप्टोस्पायरा हा उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून येणारा जंतू असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो पाहिला, कोकणात तर तो दर वर्षीचा. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने, म्हणजे झाडीतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने, अनेकांना गाठलं. त्यात काखेत किंवा जांघेत सिगारेटचा चटका लागल्यासारखा काळा डाग असतो आणि तो शोधला नाही तर सापडत नाही. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवरच्या मधुमेही माणसाला मातीतून मेलिऑइडोसिस होतो. त्याचा जंतू प्रयोगशाळेत घाईत पाहिला तर साधा स्युडोमोनास समजून सोडून दिला जातो. हे पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा महागडं मेरोपेनेम चालू असतं आणि लेप्टो-स्क्रबला हवं असतं ते साधं डॉक्सिसायक्लिन कोणी दिलेलं नसतं. म्हणून पेशंट भातखाचरात उतरला होता का, रानात गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

आता रिपोर्ट. तो घरच्या ग्रुपवर फिरतो, कोणीतरी इंटरनेटवर शोधतं आणि घरभर घबराट होते. तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. थुंकीत जंतू उगवला म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नाही. पाच-सात दिवस ट्यूब असलेल्या जवळपास कोणाच्याही नळीतला स्राव पाठवलात तर काहीतरी उगवणारच. नुसता वस्तीला आलेला जंतू आणि हल्ला करणारा जंतू यांतला फरक कागदावर दिसत नाही, पेशंटमध्ये दिसतो. ताप आहे का, एक्स-रेत नवा डाग आहे का, स्राव घट्ट आणि पिवळा झाला का, ऑक्सिजन वाढवावा लागला का, पांढऱ्या पेशी वाढल्या का? यातलं काहीच नसेल तर मी अँटिबायोटिक देत नाही, रिपोर्ट कितीही भीतिदायक असो. स्रावाच्या एका मिलीलिटरमध्ये जंतूंची संख्या साधारण लाखाच्या पुढे असेल तर इन्फेक्शनची शक्यता जास्त, पण तीही एकटी पुरेशी नाही. तुमच्या बाबांना ताप होता, छातीत बदल होता, म्हणजे इन्फेक्शन खरं. तरीही दोन जंतूंपैकी एक हल्लेखोर आणि दुसरा नुसता मुक्कामाला, असंही असू शकतं. डॉक्टरांना थेट विचारा: "यातल्या कोणत्या जंतूवर उपचार चालू आहेत?"

दुसरी गोष्ट आकड्यांची. औषधापुढे जो आकडा असतो तो त्या जंतूला रोखायला लागणारी कमीत कमी मात्रा. वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. एकासमोर २ आणि दुसऱ्यासमोर १६ म्हणून पहिलं आठपट चांगलं, असं होत नाही, कारण प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी आहे. आणि कोलिस्टिनसमोर 'आय', म्हणजे इंटरमीजिएट किंवा मधला शेरा, लिहिलं असेल तर घाबरू नका. २०२० पासून अमेरिकी मापदंडांत कोलिस्टिनसाठी 'एस', म्हणजे औषध चालेल, हा शेराच काढून टाकला आहे. उत्तम निकाल आला तरी 'आय'च लिहितात.

तिसरी गोष्ट रक्ताच्या कल्चरची. छातीच्या रिपोर्टपेक्षा मी त्याला जास्त मानते, कारण रक्तात एरवी जंतू नसतो. पण ते घेण्याची रीत काटेकोर हवी. चांगली सिस्टर ते कसं घेते पाहा. दंडावर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक घासून ते वाळेपर्यंत थांबते, नस पुन्हा बोटाने चाचपत नाही, बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसते, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलीलिटर रक्त भरते आणि दुसरा संच दुसऱ्या हातातून घेते. दोनपैकी एकाच संचात त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस निघाला तर तो बहुधा सुई टोचताना शिरलेला असतो. दोन्हींत निघाला तर खरा. बाटल्या मशिनमध्ये ठेवतात. जंतू वाढला की मशिन इशारा देतं आणि मध्यरात्री दोनला फोन येतो: "मॅडम, बेड चार, ग्रॅम निगेटिव्ह." हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये शोधलेली रंगाची पद्धत आजही माझा रात्रीचा पहिला निर्णय ठरवते. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, दिसल्या तर औषध एक, जांभळ्या ठिपक्यांचे द्राक्षांसारखे घोस दिसले तर औषध दुसरं. नेमकं नाव आणि सेन्सिटिव्हिटी यायला त्यानंतरही एक-दोन दिवस जातात.

त्या एक-दोन दिवसांतच 'हायर अँटिबायोटिक'चं उत्तर आहे. रक्तदाब कोसळलेल्या पेशंटला कल्चर घेऊन लगेच, तासाभराच्या आत, अँटिबायोटिक जायला हवं. रिपोर्टची वाट पाहत बसलो तर पेशंट राहत नाही. म्हणून आपल्या आयसीयूत सध्या कोणते जंतू फिरताहेत याचा अंदाज बांधून जोरकस औषध सुरू करतो. रिपोर्ट आला की ते बदलतो आणि शक्य तिथे साधं करतो. इथे नातेवाइकांचा एक गैरसमज होतो. औषध उतरवलं, बिल कमी झालं, की त्यांना वाटतं डॉक्टरांनी आशा सोडली किंवा स्वस्तातलं काहीतरी लावलं. उलट आहे. अचूक औषध सापडलं म्हणून उतरवलं. आणि व्हॅपचा कोर्स बहुतेकांना सात दिवस पुरतो. "आणखी आठवडाभर चालू ठेवा ना" असा आग्रह धरू नका. जादा दिवसांत बाबांच्या आतड्यातले भले जंतू मरतात आणि रेझिस्टंट तेवढे उरतात.

हे 'आर' आले कुठून? जंतू आपल्या शत्रूवरची युक्ती एकमेकांना देतात, परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपीची चिठ्ठी सरकवावी तशी. डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर ती युक्ती लिहिलेली असते आणि तो तुकडा क्लेब्सिएलाकडून ई. कोलायकडे, पुढे आणखी कोणाकडे जातो. एनडीएम, म्हणजे 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', हे विकर (एन्झाइम) अशाच चिठ्ठीवर लिहिलेलं. ते मेरोपेनेमसारख्या औषधाचे तुकडे करतं. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या क्लेब्सिएलात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. नावात नवी दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे बराच गदारोळ झाला, पण जंतूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आज ते आमच्या रोजच्या रिपोर्टांत आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. माझे एक मामा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या त्या कारखान्याने पेनिसिलिन देशात बनवायला घेतलं. मामा त्या इवल्या बाटलीबद्दल बोलायचे ते देवघरातल्या वस्तूबद्दल बोलावं तसं. तीच औषधं पुढे आपण सर्दी-पडशाला, कोंबड्यांच्या खाद्यात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वापरली.

कोलिस्टिनही असंच जुनं औषध, १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. किडनीला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. दुसरं काही चालेना तेव्हा परत काढावं लागलं. कोंबड्या आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, आणि ती योग्यच होती. तुमच्या भीतीचं उत्तर असं: हो, कोलिस्टिनने काहींची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी, वाढते. त्यासाठी ती रोज तपासतात, लघवी दर तासाला मोजतात, किडनीवर ताण देणारी दुसरी औषधं शक्य तेवढी टाळतात. बहुतेकांची किडनी औषध थांबल्यावर सावरते. मात्र भीतीपोटी डोस अर्धा करणं सगळ्यात वाईट. सुरुवातीलाच ९० लाख युनिटचा भरघोस डोस द्यावा लागतो, नाहीतर रक्तात पातळी चढायलाच दोन-तीन दिवस जातात.

आज कोलिस्टिन हा एकच रस्ता राहिलेला नाही. क्लेब्सिएलासाठी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आहे. मात्र जंतूत एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही, जोडीला ॲझ्ट्रिओनॅम द्यावं लागतं. त्यामुळे "जंतूत कोणतं विकर आहे याची तपासणी झाली का?" हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हे औषध महाग आहे. न परवडणाऱ्या घराला ते सुचवताना माझा आवाज दर वेळी खाली जातो. ॲसिनेटोबॅक्टरवर सल्बॅक्टमचे मोठे डोस, मिनोसायक्लिन, पॉलिमिक्सिन अशी जुळवाजुळव करावी लागते. त्यातलं पॉलिमिक्सिन-बी लघवीत फारसं उतरत नाही, म्हणून लघवीच्या इन्फेक्शनला त्याऐवजी कोलिस्टिन बरं. आणि टायगेसायक्लिन रक्तात कमी राहतं, म्हणून रक्तात जंतू असताना मी त्याच्या एकट्यावर कधीच विसंबत नाही.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: चूक कोणाची? प्रत्येक व्हॅप ही चूक नसते. बेशुद्ध, मधुमेही, ट्यूबवरचा माणूस सगळं काटेकोर करूनही छातीत इन्फेक्शन धरतो. पण "आयसीयूत इन्फेक्शन व्हायचंच" म्हणून खांदे उडवणाऱ्यांच्या बाजूने मी अजिबात नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट्रल लाइनसाठी पाचच साध्या गोष्टी पक्क्या केल्या. हात धुणं, पेशंटला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकून लाइन घालणं, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो मांडीत लाइन न घालणं, आणि नको असलेली लाइन लगेच काढणं. २००६ मध्ये निकाल छापून आले. लाइनमधून रक्तात होणारी इन्फेक्शन दीड वर्षात सुमारे ६६ टक्क्यांनी घटली. नवं औषध एकही नव्हतं. आमच्याकडे अडतं ते माणसांवर. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी. रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे तीन-तीन पेशंट असतात. दोघांचे मॉनिटर एकदम वाजले की ती धावते, आणि त्या धावण्यात हात चोळायचे वीस-तीस सेकंद गळून पडतात. तिला दोष देताना मला शब्द सापडत नाहीत. संख्या कमी ठेवणाऱ्यांना देताना सापडतात.

तेव्हा तुम्ही काय करायचं? रोज भेटीच्या वेळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "आज कोणती नळी काढता येईल?" ट्यूब, मानेतली लाइन, लघवीची नळी, एकेक करून विचारा. गुंगीचं औषध कमी करून जागं करून पाहिलं का, तेही विचारा, कारण लवकर जागा झालेला पेशंट लवकर ट्यूबमधून सुटतो. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी. बाबा सपाट झोपलेले दिसले तर कारण विचारा, कधी कधी ते वैद्यकीय असतं. तोंडाची स्वच्छता दर पाळीत व्हायला हवी.

आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा हातांना सॅनिटायझर वाळेपर्यंत चोळा. अंगठ्या, घड्याळ बाहेर. मोबाइल पलंगावर ठेवू नका. बाबांचा हात जरूर हातात घ्या, त्यांच्याशी बोला, ते ऐकत असतात. ट्यूबला, लाइनला हात लावू नका आणि शेजारच्या बेडच्या कठड्याला तर मुळीच नाही. आणखी एक, जे सांगताना कोणाचं मन दुखावू नये अशी माझी इच्छा असते. अंगारा कपाळाला लावा, आमच्यातल्या कोणाचीच ना नसते. पण तीर्थ किंवा गंगाजल तोंडात घालू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं चमचाभर पाणीही खाली छातीतच जातं. ओल्या कापसाने ओठ टिपून घ्यायला सिस्टर तुम्हाला मदत करतील.

बाबा बाहेर आले, आणि मेंदूच्या आजारात अनेक जण गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी केलेलं छिद्र आणि त्यातली नळी, घेऊन का होईना पण घरी येतात, की पुढचा प्रश्न येईल: हा जंतू घरात पसरेल का? क्लेब्सिएला त्यांच्या आतड्यात काही महिने राहू शकतो. घरातल्या धडधाकट माणसांना, नातवंडांना त्याचा सहसा त्रास होत नाही. मुलं आजोबांजवळ बसू देत, हात धरू देत. त्यांचं डायपर बदलल्यावर, ट्रॅकीचं सक्शन केल्यावर साबणाने हात धुवा, सक्शनच्या नळ्या ओल्या ठेवू नका. घरात केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल किंवा अगदी तान्हं बाळ असेल तर सक्शन चालू असताना त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा. कल्चरचा हा रिपोर्ट फाइलच्या अगदी वरच्या पानावर लावून ठेवा. पुढच्या सहा महिन्यांत कधीही ताप येऊन दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर दारातच सांगा की बाबांना रेझिस्टंट क्लेब्सिएला होता. तिथल्या डॉक्टरांचं पहिलंच औषध त्यावरून ठरेल.